उकंडराव आणि मथुरेची दुलकी

उकंडरावांच्या टांग्यात बसायचं म्हणजे अब्रू घरी खुंटीला टांगून यावं लागे. कारण हा गृहस्थ घोडीला रस्ता सांगत असे. हाकत नसे, सांगत असे. नागपूरच्या महाल भागातून निघालो की सिव्हिल लाइनीतली आमची कचेरी येईपर्यंत त्यांचं तोंड मिटत नसे, आणि आवाज असा खणखणीत की तळ्यातल्या म्हशींनी मान वर करावी.

"हं बाई, तळं आलं. डाव्या अंगाले म्हशी हायेत, त्याइले घाई नाही, जाऊ दे. समोरून बैलाचं खाचर येऊन रायलं, वरतं कडबा हाये. तोंड नोको घालू त्याच्यात, आपला घरी हाये. अन् हे पाह्य, वकीलसायेब चालले. जोडे नवे दिसते, म्हणून लंगडून रायले."

वकीलसाहेब हे ऐकत. सगळा रस्ता ऐके. मी पुढच्या बाकावर, त्यांच्या शेजारी, टोपी कपाळावर ओढून, आपला काही संबंधच नाही असा चेहरा करून बसे. टांगे काय कमी होते का नागपुरात? सी. पी. बेरारच्या राजधानीचं गाव, पावलापावलाला टांगा. पण वेळेवर कचेरीत पोचवणारा, पोटातलं पाणी न हलवणारा टांगा एकच, आणि आमचा साहेब गोरा, घड्याळाचा भक्त. काय करणार? अडला हरी.

उकंडरावांकडे पितळी मुठीचा चाबूक होता. तो त्यांनी घोडीच्या अंगाला लावलेला मी कधी पाहिला नाही. मास्तर नकाशावर छडीनं नद्या दाखवतात तसा ते त्या चाबकानं घोडीला गाव दाखवत. मी एकदा वैतागून विचारलं, "उकंडराव, अहो घोडीला काय कळतं?"

"नाही कळत?" ते म्हणाले. "मंग तुमचा सायेब रोज इंग्रजीत फडफड करते, ते तुमाले समदं कळते का? तरी मान हालवता ना?"

मी मान हलवली.

त्यांचं एक पालुपद होतं, "रस्ता सांगतला का अर्धा सरते." दुसरं पालुपद दुलकीचं. दुलकी म्हणजे घोड्याची दुडकी चाल. एका बाजूचा पुढचा पाय आणि दुसऱ्या बाजूचा मागचा, असे जोडीनं पडतात आणि टपटप, टपटप असा सारखा ठेका येतो. त्याच्यापुढे घोडं गेलं की चौखूर उधळलं म्हणायचं. उकंडरावांच्या लेखी चौखूर उधळणं ही चारचौघांत शिवी देण्याइतकी हलकी गोष्ट होती. "पळाले काय लागते? गाढवही पळते," असं ते म्हणत. हे त्यांचं मत घोड्यांपुरतं नव्हतं. सायकलवाला घंटी बडवत पुढे गेला की "गाढव." मोटार धूळ उडवत गेली की "गाढव, इलायती." मी एकदा भराभरा बोलायला लागलो तर म्हणाले, "दुलकीत बोला बाबूसायेब, चौखूर नोका होऊ."

एकदा एक गृहस्थ मुलीला सासरी पाठवायला निघालेले, स्टेशन गाठायचं, गाडीची वेळ झालेली. ते मागून ओरडायला लागले, "अहो हाणा जरा, हाणा!" उकंडरावांनी टांगा चक्क थांबवला. मागे वळून शांतपणे म्हणाले, "गाडी चुकली तर दुसरी भेटते गा, चाल चुकली तर भेटत नाही. उतरता का बसता?" गृहस्थ बसले. गाडी मिळाली. वर उकंडराव मुलीला म्हणतात, "माय, सासरी अशीच चालजो. दुलकीत." पोरगी रडता रडता हसली.

आता घोडीबद्दल. नाव मथुरा. रंगानं तांबूस, उंचीला ठेंगणी, आणि पहिल्या नजरेत कुणी दोनदा पाहावं असं तिच्यात काही नव्हतं. ती उकंडरावांना एका मालगुजाराच्या तबेल्यातून जवळपास फुकट मिळाली होती. कारण तिच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा होता. घोड्यांची माहिती असलेले लोक त्याला आसूढाळ म्हणतात. असली घोडी मालकाला रडवते, घरातलं माणूस खाते, असा समज. मालगुजारानं तिला दाराबाहेर काढली. कुणी हात लावीना. उकंडरावांची बायको त्याच साली वारलेली, मूलबाळ नाही. लोकांनी समजावलं की बाबा, आसूढाळ आहे, नको घेऊ. तर हे म्हणाले, "माह्यं रडणं उरकलं हाये. आता ते कायले रडवते मले?" आणि दोर धरून तिला घरी घेऊन आले.

आणि हीच मथुरा पुढे सात वर्षं सगळ्या नागपूरची शान झाली.

त्या काळी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टांग्यांची शर्यत असे. गावाबाहेरच्या वाडीपासून निघायचं ते अमरावती रस्त्यानं थेट बर्डीच्या टेकडीच्या पायथ्याशी यायचं. नियम दोनच, पण मोठे कडक. एक, घोडं दुलकीतच पाहिजे. चौखूर झालं की टांगा थांबवून जागेवर एक पुरी चक्कर मारायची आणि मग पुढे निघायचं. दोन, टांगेवाल्याचा पाय शेवटपर्यंत जमिनीला लागायचा नाही. लागला की बाद. प्रत्येक टांग्यात एक सवारी बसलेली हवी. जिंकणाऱ्या घोड्याच्या कपाळाला तांबडा तुरा बांधत, आणि तो वर्षभर मिरवायचा. नियम पाळला जातो की नाही हे पाहायला वाटेत जागोजागी पंच उभे असत, आणि शेवटी मांडवात गुरांचे सरकारी डॉक्टर बसत. त्यांना मागून सगळे ढोर डॉक्टर म्हणत, तोंडावर डॉक्टरसाहेब. टांग्याच्या घोड्यांची सालाबादची तपासणीही तेच करत, दिवाळी झाली की. घोडं पास झालं तरच टांगेवाल्याला टांगा हाकायचा बिल्ला मिळे. त्यामुळे समस्त टांगेवाले त्यांना यमाखालोखाल भीत.

उकंडरावांची सवारी म्हणजे मी. मला फार मोठा मान वाटला होता. कारण विचारलं तर म्हणाले, "तुमी बसले का नाही बसले, घोडीले समजतच नाही. हवा भरल्यावानी हाये तुमचं."

पहिल्या वर्षी लोक आम्हाला हसले. मोठमोठी घोडी, रेशमी गोंडे, आणि त्यांच्यात ही आमची आसूढाळ ठेंगणी. शर्यत सुटली. फुटाळा तळ्याच्या अलीकडेच एकेकाचा धीर सुटायला लागला. घोडं चौखूर झालं की थांब, फिरव. पुन्हा पळ, पुन्हा थांब, पुन्हा फिरव. सगळा रस्ता घाण्याच्या बैलांनी भरल्यासारखा झाला. आणि त्यांच्या मधून आमची मथुरा टपटप, टपटप, आणि उकंडराव तिला सांगतायत, "हे पाह्य, हा फिरून रायला. हाही फिरून रायला. त्याइले फिरू दे, आपण घरी जाऊ." तुरा आमचा! मी आयुष्यात पहिल्यांदा भर रस्त्यात ओरडलो. टोपी कुठे उडाली ती सापडलीच नाही.

अशी सात वर्षं गेली. सात वर्षांत एकदाही, एक पाऊलही, मथुरा चौखूर झाली नाही. अमरावतीहून, भंडाऱ्याहून लोक तिची चाल पाहायला येत. लाकडाचे एक ठेकेदार होते. त्यांनी खास कलकत्त्याहून सुलतान नावाचा उंचच्या उंच विलायती घोडा आणला. तीन वर्षं सुलतान दुसरा. ठेकेदार दिलदार माणूस, दर वर्षी येऊन मथुरेच्या मानेवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "उकंडराव, घोडी देता का?" उकंडराव म्हणत, "तुमी बायको देता का?" ठेकेदारीणबाई मांडवात बसलेल्या असत, त्याही हसत.

मग तो माघ महिना आला. उकंडराव भाच्याच्या लग्नाला गेले होते. तिथे नवरदेवाच्या घोडीला वाजंत्रीवाले नाचवत होते, हे पाहून यांचं डोकं फिरलं. "नाचाले ते का तमाशातली हाये?" म्हणून दिवसभर वऱ्हाडाशी भांडले. दुसऱ्या दिवशी टांगा दारात आला तेव्हा घसा पार बसलेला. हवा निघे, शब्द निघेना. मी मनात म्हटलं, देव पावला! आज अब्रूनं कचेरीत जाऊ.

शेजारच्या गल्लीतून माझ्या दारापर्यंत मथुरा सवयीनं आली होती. पुढे निघेना. उकंडरावांनी लगाम हलवला, तेव्हा दोन पावलं चालली, थांबली. पुन्हा लगाम. अशी अडखळत संत्र्यांच्या बाजारापर्यंत आली आणि सरळ, नाकासमोर, एका बाईनं रचलेल्या संत्र्यांच्या ढिगात घुसली. संत्री चहूकडे. ती बाई कमरेला पदर खोचून उभी राहिली, "काहून गा उकंड्या! डोळे फुटले का तुह्या घोडीचे?"

उकंडराव उतरले. टांग्याच्या घोड्याला डोळ्यांच्या बाजूला चामड्याची झापडं असतात. ती त्यांनी वर केली. तळहात मथुरेच्या डोळ्यांसमोरून नेला, परत आणला. पापणी हलली नाही. बुबुळावर दुधाच्या सायीसारखं पांढुरकं काही तरी होतं. दोन्ही डोळ्यांवर.

बाई शिव्या द्यायची थांबली. उकंडराव माझ्याकडे वळले. त्या बसलेल्या घशातून एवढंच आलं, "कवापासून, बाबूसायेब? म्या बोलत होतो, ते चालत होती. मले समजलंच नाही."

कवापासून कोण सांगणार? आधीपासून थोडी थोडी जात असेल, पुरती गेली ती दिवाळीच्या तपासणीनंतर. हा माणूस रोज तिला खड्डा सांगत होता, मोरी सांगत होता, म्हैस सांगत होता. तिची नजर हळूहळू गेली आणि तिला तिची गरजच पडली नाही. मी खाली बसून संत्री वेचायला लागलो, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

आंधळं जनावर टांग्याला जुंपायचं नाही, असा कायदा होता. डॉक्टरांना कळलं की मथुरा बाद. आणि टांगेवाल्याकडची बाद घोडी कुठे जाते हे सगळ्यांना ठाऊक होतं. वीटभट्टीवर. उकंडरावांनी मला गळ घातली, "कोणाले सांगजा नोका." मी सांगितलं नाही. माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी सरकारपासून लपवलेली ही एकच गोष्ट.

दसरा जवळ आला तसं मी म्हटलं, "उकंडराव, या वर्षी राहू द्या शर्यत."

"नाही गेलो तर लोक पुसन, काहून नाही आली? अन् डाक्टर घरी येईन पाहाले." मग जरा थांबून म्हणाले, "अन् तिचे डोळे गेले, बाबूसायेब. चाल कोठी गेली?"

तर आठवी शर्यत. मी जागेवर बसलो ते देवाचं नाव घेत. पण काय सांगू, मथुरा अशी निघाली की मीच विसरलो. उकंडराव त्या दिवशी ओरडत नव्हते. खालच्या आवाजात, एकसारखं, मायेनं बोलत होते. "मोरी आली, उचल पाय. शाब्बास. आता उतार हाये बाई, रेलू नोको. सुलतान मांगं हाये, अर्ध्या चाकावर. त्याच्याकडं ध्यान नोको देऊ, त्याले घाम फुटला." एकेक टांगा चक्कर मारत मागे पडला. बर्डी दिसायला लागली. मांडव दिसला, पताका दिसल्या. पुढे आम्ही, मागे सुलतान, तोही एक चक्कर मारून दोनशे पावलं मागे पडलेला. संपलं आता. तुरा आमचा, आणि गुपितही शाबूत.

दर वर्षी तिथे एक म्हातारा डफडं वाजवत बसे. त्या वर्षी ठेकेदारांनी हौसेनं पितळी बँड आणला होता. मथुरा दिसताच बँडवाल्यांनी तिच्या मानात, जीव खाऊन, एकदम सगळी वाद्यं सुरू केली.

मी उकंडरावांच्या खांद्याला खांदा लावून बसलो होतो. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. शब्द मलाही ऐकू येत नव्हता.

मथुरेचे कान चारी दिशांना फिरले. ती एकदम थरथरली आणि उधळली. सात वर्षांत पहिल्यांदा चौखूर. दोन झेपा, तीन झेपा, तोंड लोकांच्या गर्दीकडे. उकंडरावांनी मागे रेलून तिला थांबवली. मी बोंबललो, "फिरवा! एक चक्कर मारा आणि ओढा तिला! चाळीस पावलं आहेत!" खरंच, एवढं केलं असतं तरी आम्ही जिंकलो असतो. लगामानं ओढून आंधळी घोडीही चाळीस पावलं नेता येते.

उकंडरावांनी लगाम माझ्या हातात कोंबला आणि खाली उडी टाकली.

पाय जमिनीला लागला. बाद. सात वर्षांची कमाई गेली. सुलतान टपटप करत शेजारून गेला. मागचे सगळे गेले. उकंडरावांनी मथुरेचं तोंड दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं आणि तिच्या कानाला तोंड लावून काही तरी बोलत होते. तिची थरथर हळूहळू थांबली. मग त्यांनी तिच्या मानेवर हात ठेवला, तोंड कानापासून न हलवता निघाले, आणि ती त्यांच्याबरोबर निघाली. दुलकीत! धोतराचा काचा मारलेला पन्नाशीचा माणूस घोडीच्या बरोबरीनं दुलकीत पळतोय, आणि वर हातात लगाम धरून मी, नवरदेवासारखा. लोक आधी खो खो हसले. "उकंडराव, मंडळी रुसली का गा?" मग का कोण जाणे, हसणं आपोआप थांबलं. बँडही थांबला. आम्ही सर्वांत शेवटी पोचलो.

डॉक्टर मांडवातून उतरून आले. त्यांनी झापड उचललं आणि बोट डोळ्यासमोर फिरवलं.

"किती दिवस झाले?"

उकंडरावांनी झापड पुन्हा नीट खाली बसवलं.

"बिल्ला द्या," डॉक्टर म्हणाले.

उकंडरावांनी सदऱ्यावरचा बिल्ला काढून दिला.  "सायेब," ते म्हणाले, "नोका जुंपू म्हणता, नाही जुंपत. पण घरी एकटी बांधून ठेवली तर मरन ते. तिले दिवसभर कोणी तरी बोलाले लागते."

डॉक्टर मोठे शिस्तीचे. बिल्ला खिशात टाकून वळले, दोन पावलं गेले, आणि पाठमोरेच म्हणाले, "कायदा जुंपण्यापुरता आहे. टांग्याच्या मागे बांधून गावभर फिरवू नये, असं मी तरी कुठे वाचलेलं नाही."

उकंडरावांनी कोराडीकडचं दीड एकर वावर विकलं आणि एक तट्टू घेतलं. ते पास झालं, नवा बिल्ला मिळाला. आणि मथुरा टांग्याच्या मागे, लांब दोरानं बांधलेली. टांग्यात मागच्या बाकावर बसणाऱ्याचं तोंड मागे असतं, त्यामुळे सवारी आणि मथुरा समोरासमोर, वीतभर अंतरावर. नवखे लोक घाबरत. एका हवालदाराच्या पागोट्याचा शेव तिनं शांतपणे चघळला. उकंडराव पुढून ओरडून तिला रस्ता सांगत, आणि ते बिचारं तट्टू प्रत्येक वाक्याला कान टवकारी, मग आपल्यासाठी नाही असं कळलं की पुन्हा पाडी.

एक दिवस बाजाराची फार गर्दी होती. तट्टू नवीन, बुजरं. उकंडराव म्हणाले, "बाबूसायेब, आज तुमी मांगं बसा. मले समोर पाहावं लागते. तिले रस्ता तुमी सांगा."

मी मागे बसलो. घसा साफ केला. म्हटलं, "मथुरे, डावीकडे वळण आहे. पुढे खड्डा आहे. सावकाश यावे." तिनं कानसुद्धा हलवला नाही.

"कागद वाचल्यावानी नोका बोलू," पुढून आवाज आला. "घरच्या माणसासंग बोलता तसं बोला."

"खरं सांगू का उकंडराव," मी म्हटलं, "घरच्या माणसाशी मी फारसं बोलतच नाही. कामापुरतं."

आम्ही पाठीला पाठ लावून बसलो होतो. 

"म्याही नाही बोललो," ते म्हणाले.

"कोणाशी?"

"माह्या घरच्या मंडळीसंग. बारा वर्सं संसार झाला. 'वाढ' म्हटलं, 'दार लाव' म्हटलं, झालं. ते गल्लीच्या भाईर नाही गेली कधी. म्या सांजच्याले घरी आलो का इचारे, 'आज रस्त्यात काय काय पाह्यलं, सांगा ना जी.' म्या म्हणो, 'रस्त्यात काय राह्यते? रस्ता राह्यते.' अन् तोंड फिरवून जेवो." ते खाकरले. "ते गेली. घरात इचारणारं कोणी नाही राह्यलं. तवा ध्यानात आलं का बाप्पा, म्या रोज केवढं पाहून येतो! म्हशी, वकील, कडबा... समदं तिले सांगाचं होतं. तिले नाही सांगतलं. आता हिले सांगून रायलो."

मी मथुरेला पुढचा खड्डा सांगितला. 

त्या दिवशी संध्याकाळी घरी आलो. हातपाय धुऊन पाटावर बसलो. बायकोनं नेहमीप्रमाणे मुकाट्यानं ताट वाढलं आणि चुलीकडे वळली. मी म्हटलं, "अगं, आज रस्त्यात काय गंमत झाली, सांगू?"

ती हातात पळी तशीच धरून माझ्याकडे पाहत राहिली. मग चूल सोडून आली आणि माझ्यासमोर पाट ओढून बसली.